बाक पक्षाची वाटचाल

३ मार्च
नगरपालिकेच्या निवडणुकीसाठी आज आमच्या दिवाणखान्यात बाक पक्षाची स्थापना झाली. मागणी एकच, बसस्टॉपवर बाक. अध्यक्ष आणि उमेदवार मी, चिटणीस नणंद, खजिनदार हे, सदस्य कोपऱ्यावरचे शिंपीदादा. चौघांचेही गुडघे गेलेले, त्यामुळे एकमत. मोठ्या पक्षांनी धसका घेतला असणार.

११ मार्च
चोर! जुन्या पक्षाचा तो वकील भाषणात सारखा बाक, बाक. त्याला बसस्टॉप कुठे आहे ते तरी माहीत आहे का? हे म्हणतात, “अगं, मग झालंच की आपलं काम.” ह्यांना राजकारण कळत नाही. आता आमचा बाक पाठीचा.

१५ मार्च
नव्या पक्षाची डॉक्टरीण म्हणते, पाठीचा बाक आणि वर छप्पर! छप्पर मी उद्या जाहीर करणार होते. संतापाने चहा सांडला. ठरलं. गादी.

१९ मार्च
दोघांच्याही पत्रकात गादी. नणंद म्हणाली, “वहिनी, पावसात भिजेल की गं गादी.” तिला पदावरून काढलं.

२० मार्च
वेगळेपण टिकवायचं तर एकच मार्ग. बाकाला विरोध! चौकात कडाडले, बाक माणसाला आळशी करतो. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, मुलींनो, ताठ उभ्या राहा. किती प्रेमाने म्हणायच्या! शिंपीदादा म्हणाले, “बाई, आणि माझे गुडघे?” फितूर.

३० मार्च
वकील निवडून आला. मला एक मत. ते माझंच. ह्यांना जाब विचारला. म्हणाले, “मी बाकाला दिलं. महिनाभर तूच सांगत होतीस ना?” जेवायला वाढलं नाही. ह्यांनी स्वतःच वाढून घेतलं. मलाही वाढलं.

१२ एप्रिल
बसस्टॉपवर बाक आला. पाठ आहे, छप्पर आहे, वकिलाचं नाव ठळक आहे. गादी नाही. जनतेची शुद्ध फसवणूक! हे, नणंद, शिंपीदादा खुशाल बसलेले. मी उभी. तत्त्व म्हणजे तत्त्व. नणंद म्हणाली, “वहिनी, बस ना गं.” ऐकलं नाही. मग हे जरा सरकले.
पाठ चांगली आहे.
बस आली. गेली.