भडका छाप भिंती

८ जानेवारी १९९६, सोमवार

साताऱ्याहून सामान आलं. एक बादली फुटली, बाकी सगळं धड आहे. सांगलीत विश्रामबागेत दोन खोल्या मिळाल्या, पाणी दोन्ही वेळ येतं आणि ओवीची शाळा गल्लीच्या टोकालाच आहे. ओवी सहा वर्षांची. तिनं आल्या आल्या खिडकी स्वतःच्या नावावर करून टाकली.

कुपवाडला आप्पासोंच्या चटणीच्या कारखान्यात आज रुजू झाले. हुद्दा जाहिरात अधिकारी. हाताखाली कुणी नाही आणि टेबल डगमगतं, पण अधिकारी! आप्पासोंनी काम सांगितलं ते असं. भडका छाप चटणीनं दोन वर्षांत आपल्या राहीबाई चटणीचं गिऱ्हाईक पळवलंय. त्यांची जाहिरात पेपरात नाही, टीव्हीवर नाही, फक्त भिंतींवर. तर सातारा ते सांगली त्यांची प्रत्येक भिंत बघायची, उतरवून घ्यायची, आणि ते काय करतात नि आपलं काय चुकतं ते सांगायचं. म्हणजे लोकांच्या चुका काढण्याचा पगार! हेच काम सासरी आठ वर्षं फुकट केलं आणि त्यापायी लेकीला घेऊन बाहेर पडावं लागलं. आता ठरवलंय, राग आला की या वहीत लिहायचं. तोंड बंद.

१३ जानेवारी, शनिवार

कारखान्याच्या जीपनं एक्केचाळीस भिंती झाल्या. बरोबर आपला पेंटर मानसिंग होता. आमच्या भिंती साखर कारखान्याच्या रस्त्याला आहेत, म्हणजे त्या वाचतात ऊस घालायला आलेले गडी. गडी कधी चटणी विकत घेतो का? भडकावाले धरतात कांडप गिरणी, एसटी थांबा, दवाखाना. जिथं बाई ताटकळत उभी असते तिथं. अक्षरंही तिच्या नजरेच्या उंचीला. मजकूर तर कुणी भांडताना बोलावं तसा: ‘जाऊबाईंची चटणी सपक’, ‘काल पाहुणे उपाशी उठले’. बायका थांबतात, वाचतात, हसतात. त्यांचा पेंटर मात्र आजवर कुणी पाहिलेला नाही, असं मानसिंग म्हणाला.

मलाही एक ओळ सुचली आहे: ‘सासूला झोंबेल अशी चटणी’. कुणालाच दाखवलेली नाही. मंगळवारी आप्पासोंपुढे ठेवते.

१६ जानेवारी, मंगळवार

माझी ओळ. आष्ट्याच्या कांडप गिरणीसमोर, लाल भिंतीवर पिवळ्या अक्षरांत, खाली ‘भडका छाप’. शब्दाला शब्द. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ही वही घराबाहेर जात नाही. रविवारी मानसिंग रंगाचे नमुने दाखवायला आला होता, तेव्हा टेबलावर ती उघडी होती. आणखी पुरावा कशाला हवा? आप्पासोंसमोर त्याला उभा केला आणि कारखान्याला ऐकू जाईल असं बोलले. तो एवढंच म्हणाला, “आवं ताई, मला वाचायच येत न्हाई. तुमी लिवून देता ती अक्षरं मी चित्रासारखी काढतो.”

काय पण सोंग! आप्पासोंनी त्याला तिथल्या तिथं काढून टाकलं. तरी माझा राग जात नाही. माझी पहिली ओळ चोरली मेल्यानं. मानसिंगचा हात झडो.

१९ जानेवारी, शुक्रवार

मिरज रस्त्याला एसटी थांब्यावर: ‘मानसिंगचा हात झडो. भडका छाप चटणी’. बुधवारी पहाटेपासून आहे म्हणे. बायका वाचून हसत होत्या.

म्हणजे आता मानसिंग मला चिडवायला लागला. घरात येतो कसा, कुठून? कुलूप बदललं.

भणभणत घरी आले तर ओवीनं माझ्या एक्केचाळीस भिंतींच्या कागदांवर शाई सांडून ठेवलेली. आठवड्याची मेहनत! दोन धपाटे घातले. ती रडत खिडकीत जाऊन बसली आहे आणि मला तिचं रडणंसुद्धा सहन होत नाही. ही कार्टी जन्मालाच आली नसती तर बरं झालं असतं.

२१ जानेवारी, रविवार

मानसिंगची बायको बनुबाई दारात आली. बुधवारी सकाळी तो उठला तो उजवा हात कोपरापासून वाळलेला. बोटं काळी पडली. मिरजेच्या डॉक्टरांना काही कळेना. काल हात काढला.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं. नुसतं विचारलं, “ताई, थांब्यावर ह्यांच्या हाताचं लिवलंय म्हंत्यात. तुमी काय लिवलं हुतं वं?”

मी दार लावून घेतलं. त्याला खरंच वाचता येत नव्हतं. मग वही कोण वाचतं?

आणि शुक्रवारी मी काय लिहिलं ते आठवलं.

२२ जानेवारी, सोमवार

ते पान फाडलं, जाळलं, राख मोरीत सोडली. वही परत उघडली तर पान जागेवर. शाईसुद्धा ओली.

भडकाच्या पाकिटावर पत्ता नुसता ‘लोणंद’ आहे. फोन लावून तिथल्या चार दुकानदारांना विचारलं. कारखाना कुणी पाहिलेला नाही. माल एसटीच्या पार्सलनं येतो. आप्पासोंना सगळं सांगितलं, तर म्हणाले, खप वाढतोय ना त्यांचा, मग आपणही असंच झणझणीत लिहू. माणसाचा हात गेला आणि या माणसाला खप दिसतो!

यांच्यावर काही लिहिणार नाही. काही लिहिणार नाही.

२३ जानेवारी, मंगळवार

खिडकीसमोरच्या वखारीची भिंत सकाळी लाल झालेली. कोपऱ्यात पिवळी अक्षरं: ‘ही भिंत राखीव. भडका छाप. २६ जानेवारी’.

वखारवाल्याला जाऊन विचारलं. त्याच्याकडे कुणी आलंच नव्हतं. माझ्या खिडकीसमोर. ओवीच्या.

२४ जानेवारी, बुधवार

डांबर आणून भिंतीवर ओतलं. लोक बघत राहिले, बघू देत. दुपारी भिंत पुन्हा लाल, आणि त्यावर दोन शब्द —

‘ही कार्टी’

शाळेत बाईंनी ओवीची हजेरी घेतली नाही. मी जाऊन भांडले. त्यांनी पटावर बोट फिरवून दाखवलं, हे नाव आमच्याकडे नाहीच.

२५ जानेवारी, गुरुवार

‘ही कार्टी जन्मालाच’

ओवी झाली तेव्हाचा, दवाखान्यातला आमचा दोघींचा फोटो काढून पाहिला. मी एकटीच. हात वाकडे धरलेले, त्यात काही नाही.

शेजारणीनं विचारलं, एकटीला करमतं का.

ओवी आहे. इथंच आहे, पाढे म्हणते आहे. आवाज बारीक येतो.

विचार कर, चारुशीला, हेच तुझं काम ना? एक्केचाळीस भिंती बघितल्यास. ते काय उचलतात? नवं आणि सगळ्यात जहरी. मग त्याहून जहरी द्यायचं. माझ्यावरच.

लिहिलं — मला मरण येवो.

भिंत तशीच. त्यात राग नव्हता. त्यांना खोटं चालत नाही.

२६ जानेवारी, सकाळ

‘ही कार्टी जन्मालाच आली नसती तर’ —

तीन शब्द राहिले. ओवी पलीकडची खिडकी दिसावी इतकी पातळ झाली आहे. माझ्याकडे बघून हसते.

मानसिंग निर्दोष होता. पोर निर्दोष आहे. सगळं या हातानं, या जिभेनं. लाज नाही वाटत? स्वतःच्या लेकराला — थुंकते तुझ्यावर, चारुशीला. तूच जन्मालाच आली नसतीस तर बरं झालं असतं.

हे खरं आहे. हा खरा राग आहे.

भिंत पुसली गेली. पूर्ण. घेतलं, माझं घेतलं त्यांनी! ‘चारुशीला’ आलं, मोठ्या अक्षरात — ‘तूच’ — ‘जन्मालाच’ — भराभर —

ओवी, बघ, सुटलीस —

पण मी जन्मालाच आले नसते तर ओवी कुणाच्या पोटी —

नाही. खोडते. खोडलं. भिंतीवर तसंच — ओवी, माझा हात धर, घट्ट ध