करड्या घुबडाचं पाकीट

नागोया,
२८ जानेवारी १९९९

ती. आईस,
सा. न. वि. वि.

नववर्षाच्या सुट्टीनंतर घरून निघाले तेव्हा आपण एकमेकींकडे नीट पाहिलंही नाही. फोन करावा तर तिसऱ्या वाक्याला आपलं भांडण ठरलेलं, आणि वसतिगृहाचा फोन जिन्याखाली असल्यामुळे ते चाळीस मुली ऐकतात. म्हणून पत्र.

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात निळी पत्र्याची पेटी आहे. तिच्यात माझ्या पत्त्यांचा कॅट आहे, साठ पत्त्यांचा. तो कुरिअरने पाठव. हो, मी परत खेळणार आहे. वीस वर्षांच्या मुलीने चित्रांच्या पत्त्यांत जीव अडकवावा का, हा तुझा प्रश्न मला पाठ आहे, तो परत लिहू नकोस. १४ फेब्रुवारीला ओसाकात मोठी स्पर्धा आहे, नऊशे खेळाडूंची. तिघांचा संघ असतो. तिघे एका रांगेत बसून खेळतात, दोघे जिंकले तर संघ जिंकला. आमच्यात मी, मासाकी आणि रिकाको.

पेटी मी घरी का टाकून आले होते, ते तुला सांगितलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये इथल्या दुकानातल्या सामन्यात समोरच्या मुलाने पंचांना बोलावलं. म्हणाला, हिच्या पत्त्यांना मागून खुणा आहेत. आई, आमच्या खेळात साठही पत्ते पाठीकडून अगदी सारखे दिसायला हवेत, नाहीतर पुढे कुठला येणार ते कळतं. म्हणून सगळे प्लॅस्टिकच्या काळ्या पाकिटांत घालतात. माझ्या एका पाकिटाचा कोपरा दुमडला होता, एवढंच. पंचांनी ताकीद देऊन सोडलं. पण तेव्हापासून मी टेबलावर बसले की मागून कोणीतरी म्हणतंच, "हिची पाठ बघून घ्या रे."

मासाकी आणि रिकाको तेवढे माझ्याशी खेळत राहिले. मासाकी एकदा म्हणाला, नाव झालंच आहे तर आता खरोखर खुणा करून टाक, निदान जिंकशील तरी. दोन आठवड्यांत मी पहिल्यांदा हसले. आता त्या दोघांनी मला संघात घेतलंय. या वेळी माझ्या कॅटमध्ये एवढंसंही काही सापडलं तर माझ्याबरोबर त्यांचंही नाव जाईल. रात्री या एकाच विचाराने जाग येते.

बाबांची कंबर कशी आहे? त्यांना सा. न. आणि तुझा राग जितका उरला असेल तितकाच ठेव, वाढवू नकोस.

तुझी,
चिनात्सू

---

उएदा,
८ फेब्रुवारी

चि. चिनात्सूस,
अनेक आशीर्वाद.

पेटी आज पाठवली. टॉवेलात गुंडाळली आहे, मधे सहा ओयाकी आहेत, तीन भोपळ्याचं सारण भरलेल्या आणि तीन पालेभाजीचं. मैत्रिणींना दे. मासाकीलाही दे. तो मुलगा जेवतो ना नीट? तुझ्या फोटोत अगदीच काठीसारखा दिसतो.

परीक्षांचे दिवस आल्यामुळे आपल्या लाँड्रीत शाळेच्या कोटांचा ढीग लागला आहे. बाबा कंबरेला पट्टा बांधून इस्त्री करतात आणि विचारलं की म्हणतात, दुखत नाही, नुसती कुरकुरते. त्यांनी तुझं पत्र दोनदा वाचलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले की पोरीला चार महिने कोणी काय काय म्हणत होतं आणि आपण तिला नववर्षाला उपदेश करत बसलो. त्यांनी "आपण" म्हटलं तो त्यांचा चांगुलपणा.

मला तुझ्या खेळातलं काही कळत नाही. पण कोणी पाठीमागे बोललं की पाठ कशी ताठ होते, ते मला कळतं. थंडी फार आहे, अंगात दोन बनियन घाल. निघण्याआधी एक ओळ टाकलीस तर बरं वाटेल. नाही टाकलीस तरी आशीर्वाद अडून राहणार नाहीत.

तुझी,
आई

---

उएदा,
शुक्रवार, १२ फेब्रुवारी, दुपार
(जलद टपालाने)

चि. चिनात्सूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मिळताच, कुठेही निघण्याआधी, पेटी उघड आणि करड्या घुबडाचा पत्ता काढ. त्याचं पाकीट मी बदललं आहे.

तुझं पत्र वाचून मला राहवलं नाही. मी साठही पत्ते इस्त्रीच्या टेबलावरच्या मोठ्या दिव्याखाली एकेक करून पाहिले, जसे आम्ही डाग शोधतो तसे. घुबडाच्या पाकिटाची कड उसवली होती. मनात आलं, हेच कोणाला दिसलं तर? स्टेशनजवळच्या कुरोसूंच्या खेळण्यांच्या दुकानातून काळ्या पाकिटांचा एक गठ्ठा आणला, त्यातलं एक त्याला घातलं आणि बाकीची खणात ठेवली. तुला लिहिलं नाही. आपल्या दुकानात कोटाचं बटण तुटलेलं दिसलं की आपण लावून देतो आणि गिऱ्हाइकाला सांगत नाही, ती सवय. आणि खरं सांगू? तुझ्या पत्त्यांना मी इतकी नावं ठेवली होती, की त्यांच्यावर मी अर्धा दिवस घालवला हे कबूल करायची लाज वाटली.

आज कुरोसू त्यांचा सूट घ्यायला आले. मी कौतुकाने सांगितलं. त्यांनी विचारलं, साठही बदललीत ना? मी म्हटलं, एकच. कुठल्या पत्त्याचं? मी म्हटलं, घुबडाचं, तेच सगळ्यात झिजलं होतं. त्यांनी हातातला सूट परत टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, झिजलंय म्हणजे तोच तिचा हुकमी पत्ता असणार. आता तो मागूनही ओळखू येईल."

काळ्यात किती प्रकारचे काळे असतात, हे मला ठाऊक नाही तर कोणाला? शोकाच्या कोटाला नवं काळं बटण लावलं की उन्हात लगेच वेगळं दिसतं, असं मीच लोकांना सांगत असते.

वसतिगृहात फोन केला. बाई म्हणाल्या, तू सकाळीच सामान घेऊन रिकाकोकडे गेलीस, तिथूनच ओसाकाला जाणार. रिकाकोचा नंबर त्यांच्याकडे नाही. ओसाकाच्या सभागृहाला फोन लावला. तिथली मुलगी फार अदबीने म्हणाली की नऊशे खेळाडूंमध्ये एकाला निरोप देता येत नाही. मी गाडीने येते म्हटलं, तर बाबा म्हणाले, नऊशे पोरांत उभी राहून तू हाका मारणार आणि सगळ्यांसमोर तिला काय सांगणार? मी अजून ठरवू शकत नाही. कदाचित काही विसरून तू खोलीवर परत येशील, या आशेवर हे पाठवते.

रागाव, पण आधी पत्ता काढ.

तुझी,
आई

---

ओसाका स्टेशन, प्रतीक्षालय,
रविवार, १४ फेब्रुवारी, संध्याकाळी सहा

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आम्ही हरलो. गाडीला तास आहे, आणि मला कोणाशी तरी बोलायला हवं आहे.

पाच फेऱ्यांपैकी चार जिंकलो होतो. सहावी जिंकलो असतो तर संध्याकाळच्या अंतिम फेऱ्यांत गेलो असतो. रिकाको हरली, मासाकी जिंकला, राहिले मी. तोपर्यंत आमची टेबलं आत, मध्यभागी होती. या फेरीत खिडकीजवळ जागा मिळाली. माझ्या कॅटवरचा सगळ्यात वरचा पत्ता उन्हात बाकीच्यांपेक्षा जास्त काळा चमकत होता. मला वाटलं भास असेल. मान तिरकी करून पाहिलं. नवंकोरं पाकीट. खालच्या पत्त्यांच्या कडा पांढुरक्या झालेल्या, याची मात्र करकरीत. माझा हुकमी पत्ता अजून आला नव्हता, आणि खूण कोणी करील तर त्यालाच. घुबड. उचललं असतं तर जिंकलो असतो.

माझ्या शेजारी ते दोघे माझ्या डावाकडे वळून बसले होते. मी हात वर करून पंचांना बोलावलं.

त्यांनी कॅट वेगळ्या टेबलावर नेऊन पसरला. परत येऊन हळू आवाजात विचारलं, हे पाकीट कोणी बदललं? मी म्हटलं, माहीत नाही. मी स्वतः बोलावलं म्हणून फक्त तो डाव गेला, आणि त्याबरोबर फेरी. समोरच्या मुलाने वाकून नमस्कार केला. मागून कोणीतरी म्हणालं, "नागोयाची तीच ती."

आई, पुढचं लिहायला जड जातंय. काल संध्याकाळी स्पर्धेला द्यायच्या तिघांच्या पत्त्यांच्या याद्या मासाकीने लिहिल्या, कारण त्याचं अक्षर चांगलं. तासभर माझी पेटी त्याच्याकडे होती. त्याच्या पिशवीत काळी पाकिटं असतातच. आणि ऑक्टोबरमध्ये तो जे म्हणाला होता ते मला आठवलं. बाहेर नाणं टाकून चहाचे डबे काढायच्या यंत्रापाशी मी त्याला विचारलं, "तूच केलंस ना?"

हातातला गरम डबा त्याने कठड्यावर ठेवला, पिशवी उचलली आणि गेला. रिकाको त्याच्यामागे गेली आणि जाताना माझ्याकडे अशी बघून गेली की मी तिला हाक मारली नाही. आज मुली चॉकलेट देतात तो दिवस. मासाकीसाठी आणलेलं, नुसत्या मैत्रीचं, माझ्या पिशवीतच आहे.

तू म्हणशील, मित्राला असं विचारतात का? पण मग दुसरं कोण? पेटी माझ्याखेरीज फक्त त्याच्या हातात होती. त्याने माझ्या भल्यासाठी केलं असेल, तर ते जास्त वाईट. म्हणजे त्यालाही वाटत होतं की मी अशीच जिंकू शकते.

ओयाकी छान होत्या. मासाकीने दोन खाल्ल्या. तुझी माया आज जरा जास्त पाठव.

तुझी,
चिनात्सू

---

नागोया,
१५ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न.

रात्री खोलीवर आले तेव्हा दारात तुझं जलद पत्र होतं.

तुझ्यावर रागावता आलं असतं तर फार सोपं झालं असतं. तू दिव्याखाली साठ पत्ते बघत बसलीस, हे वाचून मी जिन्यातच बसले.

आज तीनदा मासाकीच्या खोलीवर गेले. दोनदा मालकीणबाई म्हणाल्या, बाहेर गेलाय. तिसऱ्यांदाही तेच म्हणाल्या, पण त्याचे बूट दारात होते. तुझं पत्र बरोबर घेऊन गेले होते. वाटलं, हेच त्याच्या हातात दिलं की मला काही बोलावं लागणार नाही. तूच त्याला चार ओळी लिहितेस का? तुझ्यावर त्याचा विश्वास बसेल. माझ्यावर का बसावा?

चिनात्सू

---

उएदा,
१८ फेब्रुवारी

चि. चिनात्सूस,
अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली, आणि मी ती उलट्या क्रमाने उघडली. आधी बूट वाचले, मग यंत्रापाशी काय झालं ते. शुक्रवारपासून माझ्या हातून एकही कोट धड झाला नाही. एका शर्टाची कॉलर जाळली. बाबांनी मुकाट्याने गिऱ्हाइकाची माफी मागितली.

मासाकीला लिहायला बसले. तीन कागद फाडले. एकदा वाटलं, सगळं माझ्यावर घ्यावं, त्यात माझंही मन हलकं होईल. मग कळलं की त्यात माझंच हलकं होईल, तुझं नाही. पाकीट मी बदललं. ती माझी चूक, तिची माफी मी तुझ्याकडे मागते, आणि ती तू लगेच देऊ नयेस असंच मला वाटतं. पण मासाकीला विचारलंस ते तू. तिथे माझं पत्र पुढे करू नकोस. "आईने केलं होतं" हे वाक्य शेवटी सांग, पहिलं नको. पहिलं काय असावं, ते मी सांगणार नाही.

भीती वाटते ना? मलाही वाटते. तो तुला परत मिळाला नाही तर माझ्या एका पाकिटाने गेला, असं मी आयुष्यभर म्हणत बसेन. तरी मी लिहिणार नाही.

तू हात वर केलास. बाबा हे कुरोसूंना सांगून आले, टपालवाल्यालाही. मी अजून कोणाला सांगितलं नाही, मला ते माझ्यापाशीच ठेवायचं आहे.

आशीर्वाद नेहमीचेच. आज त्यांत थोडी विनवणी आहे.

तुझी,
आई

---

नागोया,
२८ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

काल दुकानात गेले. शनिवारी तो येतोच, हे माहीत होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर रिकाकोबरोबर बसला होता. माझे पाय दारातच थांबले. काउंटरवरचे दोघे गप्प झाले, तेव्हा मात्र परत फिरणं शक्य नव्हतं.

मी त्याच्यासमोर उभी राहून म्हटलं की मी तुला जे विचारलं ते विचारायला नको होतं, आणि तू केलं नाहीस हे कळलं नसतं तरीही नको होतं. याची तालीम केली नव्हती. दुसरा भाग तोंडातून आला तेव्हा तो खरा आहे हे मलाच कळलं. मग तुझं सांगितलं. इस्त्रीचा दिवा, कुरोसू, सगळं. रिकाकोने डोळे पुसले आणि वर म्हणाली की तिला सर्दी झाली आहे. मासाकी बराच वेळ हातातल्या पत्त्यांच्या कडा जुळवत राहिला. मग म्हणाला,

"ऑक्टोबरमध्ये सगळ्यांनी तुला विचारलं. मी नव्हतं विचारलं."

रिकाको उठून काहीतरी प्यायला आणायला गेली आणि मी तिच्या खुर्चीवर बसले. मासाकीने डोक्यानेच खूण केली, खेळ.

आई, डाव सुरू होण्याआधी आपला कॅट समोरच्यापुढे ठेवायचा असतो. त्याला वाटलं तर तो पिसतो. दोस्त पिसत नाहीत, वरच्या पत्त्याला एक बोट लावून परत देतात. मासाकीने माझ्या कॅटला आजवर नेहमी बोटच लावलं होतं, त्या वाईट महिन्यांतही. काल त्याने तो उचलला आणि पिसला. सावकाश, नीट, अनोळखी माणसाचा पिसावा तसा. मोजायचं नाही असं ठरवलं होतं, पण मोजलं. अकरा वेळा. त्याने त्याचा कॅट माझ्यापुढे ठेवला तेव्हा मी एक बोट लावलं. त्याने ते पाहिलं.

दोन डाव खेळलो, दोन्ही तो जिंकला. निघताना कोट घालत रिकाकोला म्हणाला, पण मला ऐकू जाईल असं, की पुढच्या शनिवारी त्याला यायला उशीर होईल, कोणीतरी टेबल धरून ठेवा.

मी धरीन. तो पुन्हा कधी बोट लावील का, मला माहीत नाही. पिसेल तितके दिवस पिसू दे. मी कॅट त्याच्यापुढे ठेवत राहीन.

बाबांना सांग, टपालवाल्याला आता पुरे. तुझा लोभ मला दिव्याखाली धरून तपासायची गरज नाही, पण तो आहे असं अधूनमधून लिहीत जा.

तुझी,
चिनात्सू