घोटभर दुधाचा प्रश्न

अस्सलामु अलैकुम, आपा.

तुझ्या लाडक्या (आणि तुझ्याच शब्दांत बिनकामाच्या) भावाचा सलाम. तुझी तब्येत बरी असेल, दुलाभाईंचा गुडघा त्यांना जिना चढू देत असेल आणि भाचरं मला अजून विसरली नसतील, अशी आशा आहे. मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. फोन का नाही केलास, असं विचारशील. फोनवर तू लगेच उत्तर देऊन मोकळी होशील, त्याचीच तर भीती आहे. पत्र जाऊन यायला थोडे दिवस लागतात. तेवढे दिवस तरी मी धडपणे जेवेन.

मी सध्या घरीच आहे. ट्रकवरचं काम सुटलं. (सुटलं म्हणजे, एका पेट्रोल पंपावर पाय मोकळे करायला उतरलो, तिथं दोघं जण विहिरीत पडलेला पाण्याचा पंप दोरानं वर ओढत होते. तो वर आला का नाही ते बघेपर्यंत ट्रक निघून गेला. पंप वर आला, पण चालला नाही. असो.) आता चाचीच्या घराखालच्या बॅगदुरुस्तीच्या दुकानात चाकं आणि चेन बसवतो. वरच्या मजल्यावर चाचीचं शिलाईचं मशीन दिवसभर खडखडत असतं. चाची म्हणजे आपली भिंतीला भिंत लागून राहणारी. रक्ताचं नातं काही नाही, पण आपल्या घरातलं मीठ संपलं हे आपल्याआधी तिला कळतं. चाचा गेल्यापासून ती हजला जाणाऱ्यांसाठी पासपोर्टच्या पिशव्या शिवते, गळ्यात अडकवायच्या. सगळं गाव तिच्या पिशव्या घालून जाऊन आलं, ती मात्र मशीनवरच. गेल्या वर्षी तिनं स्वतःसाठी एक शिवली आणि खिळ्याला टांगली. तिच्यामागे त्याच खिळ्याला आणखी एक आहे. ती कुणाची, हे मी विचारलं नाही. (ती चूक पुढे येईलच.)

यंदा ती जायला निघाली. पण जायचं कुणाबरोबर? मुलगा नाही, भाऊ राहिला नाही, भाचा-पुतण्या कुणी नाही. मौलवीसाहेब तिच्या घरी आले, चष्मा पुसला आणि समजावलं की बाईनं इतक्या लांब जायचं तर बरोबर नवरा हवा, नाहीतर महरम, म्हणजे ज्याच्याशी तिचा निकाह कधीच होऊ शकत नाही असा पुरुष. काही इमामांच्या मते भरवशाच्या बायकांच्या सोबतीनंही फर्ज हज करता येतो, हेही त्यांनी सांगितलं, आणि चाचीला ते पटलं तर त्यांची काही हरकत नव्हती. चाचीलाच पटलं नाही. जन्मभर जो मसला, जो धर्माचा नियम मानला, तो ऐन निघायच्या वेळी सोयीसाठी बदलायचा नाही, म्हणाली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. चांगलं रोखून बघितलं, आपा. तिची मुलगी चहाचे कप घेऊन दारात उभी होती, तीही बघत होती.

आता मला गप्प बसता आलं असतं. पण मौलवीसाहेबांनी आणलेल्या नकाशावर विमानाची वाट लाल शाईनं काढलेली होती. लाल रेघ समुद्रावरून जाताना दिसली की माझं डोकं चालायचं थांबतं, हे तुला माहीत आहे. मी म्हणालो, ‘मी जातो की! मी चाचीचं दूध प्यायलोय, मी तर तिचा मुलगाच.’

हे मला कुणी सांगितलं? तू! लहानपणी मी उलटून बोललो की तू म्हणायचीस, चाचीचं दूध पिऊन हा असा तिखट झालाय. मौलवीसाहेब तर खुर्चीतून उठलेच. अलहम्दुलिल्लाह, सुटला प्रश्न, दुधाची आई ही आईच, महरम घरात असताना आपण गावभर काय शोधत होतो! त्यांनी माझी पाठ थोपटली. आणि पाठ थोपटता थोपटता म्हणाले, तिची मुलगी आजपासून तुझी सख्ख्यासारखी बहीण.

दारातला कप बशीवर वाजला. ती आत निघून गेली.

आपा, तुला मी हे कधी सांगितलं नाही. तिलाही नीट सांगितलं नव्हतं. पण ती तीच ती बॅग, तीच ती चांगली चेन दुरुस्त करायला पुन्हा पुन्हा खाली घेऊन येत होती आणि मी पैसे घेत नव्हतो, याचा अर्थ दोघांनाही कळत होता. रात्रीचं सोड, मला दिवसाढवळ्या भीती वाटते. मशीन थांबलं की वाटतं, आता मला वर बोलावतील. मशीन सुरू झालं की वाटतं, बहिणीच्या भावासाठी काहीतरी शिवतायत. काल ती दुकानात आली, बॅग काउंटरवर आपटली आणि म्हणाली, ‘काय रे, माझ्या वाटणीचं दूध पिऊनसुद्धा अक्कल एवढीच वाढली?’ मी हसायला गेलो आणि बोटात सुई घुसवून घेतली.

अब्बांना विचारलं. ते म्हणाले, ‘प्यायला असशील. तू कुणाचं काय सोडलंयस?’ चाचीला विचारायचा धीर झाला नाही, मौलवीसाहेबांनीच विचारलं. जिला कुणी कधी वाटीभर साखर नेली ते अजून पाठ आहे, ती चाची माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आठवत नाही. तुझ्या जन्मानंतर तुझी अम्मी तापात पडली, तशी मीही फणफणले होते, सासूबाई कोणतं पोर माझ्याजवळ आणून ठेवायच्या ते कळायला मी शुद्धीत कुठे होते?’ अम्मी नाही, सासूबाई नाहीत. मला कडेवर घेऊन भिंतीपलीकडे जाणारी फ्रॉकमधली एकच मुलगी आता हयात आहे, आणि ती हे पत्र वाचतेय.

दुलाभाईंना सलाम. भाचरांना माझ्याकडून एकेक चिमटा.

तुझा भाऊ

ता. क. पत्राचं कारण कळलंच असेल. मी खरंच प्यायलो होतो, की तू नुसती चिडवायचीस? मौलवीसाहेब म्हणतात, काहींच्या मते पाच वेळा पोटभर प्यावं लागतं, पण आपल्याकडे घोटभरही पुरतं. घोटभर, आपा! मी तर कुणाच्याही घरी घोटभर पितो.

ता. क. दुसरा. ‘नाही म्हणून लिही’ असं एक पत्र आधी लिहिलं होतं. ते चाचीनं बघितलं (मी ते तिच्याच कापडाच्या ढिगाखाली लपवलं होतं, माझी अक्कल) आणि माझ्यासमोर फाडलं. खिळ्यावरची दुसरी पिशवी काढून माझ्या मांडीवर टाकली. पट्टा दुहेरी शिवलेला, हरवणाऱ्या माणसासाठी. म्हणाली, ‘अरे गाढवा, जावईसुद्धा महरमच असतो! मी वर्षभर वाट बघतेय तू तोंड उघडशील म्हणून, आणि उघडलंस ते दूध प्यायला! आता आपाला लिही, खरं असेल तेच सांग. खोट्या मुलाचा हात धरून मी त्या दारात जाणार नाही, आणि शंका असताना पोरगी देणार नाही.’

ता. क. तिसरा. म्हणजे दूध प्यायलो असेन तर मुलगा म्हणून जायचं, नसेन तर जावई म्हणून. विमान काही चुकत नाही. उंचावर मला गरगरतं, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पण त्याची भीती आता फार लहान वाटते.

ता. क. शेवटचा. खरं तेच लिही. चाचीची मुलगी वर खिडकीत उभी आहे, मी पत्र पेटीत टाकतो की नाही ते बघतेय.

बाटलीचंच दूध होतं ना, आपा?