उजेड पांढरा होता म्हणाले

बाई, खोटं बोलू नये एवढंच तुम्ही शिकवलंत. बोलून झाल्यावर पुढं काय करायचं ते शिकवायचं राहिलं, आणि ते शिकवायच्या आधीच तुम्ही मरून मोकळ्या झालात. बावीस वर्षं झाली. आता मी कुणाला विचारू? चर्चच्या नव्या पाळकसाहेबांना विचारावं तर ते माझ्या पोरीच्या वयाचे. सोमवारी घरी आले, पंख्याखाली बसले आन् म्हणाले, "ताई, येत्या रविवारी तुमची साक्ष ठेवलीय. बाईंच्या शेवटच्या घटकेची." मी म्हटलं, "कितीदा ऐकणार? सगळ्या मंडळीला पाठ झालीय." तर हसून म्हणतात, "भाकर रोज तीच असती, तरी खातोच की आपण." असं गोड बोलणाऱ्याचा मला किती राग येतो तुम्हाला ठाऊक आहे. पण मी नाही म्हटलं नाही. चहा केला. जाताना दारात थांबून ते म्हणाले, "आई गेली ना, त्या पोरीला मुद्दाम पुढच्या बाकावर बसवणार आहे. तिचा विश्वास डळमळलाय, तुमचं ऐकून उभी राहील." बाई, त्या पोरीला पाडलं कुणी ते त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे.

तुम्हाला आठवत असेल, तुम्ही सांभाळत होतात त्या शिरूरच्या मिशन होस्टेलात शनिवारी दुपारी साक्षीची सभा असायची. एकेकीनं उभं राहायचं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. मी अकरा वर्षांची. मोठ्या पोरी उठायच्या, रडायच्या, प्रभूनं मला धरलं म्हणायच्या, आणि सगळ्याजणी त्यांच्याकडं कशा बघायच्या. माझ्याकडं तसं कोण कधी बघत नव्हतं. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच, मी स्वैपाकघरात पीठ मळणारी. एका शनिवारी मी उठले आन् सांगितलं की झोपेत माझ्या पाठीवर प्रभूचा हात आला. पोरी रडल्या. स्वैपाकीण मावशीसुद्धा रडली. तुम्ही तेवढ्या रडला नाहीत. मग मला स्वैपाकघरात बोलावलंत, तांदळाचं ताट पुढं सरकवलंत आणि स्वतः खडे निवडत विचारलंत, "हात उजवा होता का डावा?"

मी म्हटलं, "उजवा."

"लगेच सांगितलंस. विचार करावा लागला नाही तुला." तुम्ही वर बघितलंत. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. "वाटलं नाही तर वाटलं नाही म्हणावं. देवाला त्याचा राग येत नाही. पण ती तुझ्या शेजारच्या खाटेवरची धाकटी आहे ना, ती आता रोज पाठ ताठ करून हाताची वाट बघत बसेल. आणि नाही आला की म्हणेल, माझ्यातच काही खोट आहे. तिला तू उपाशी ठेवलंस."

मला तवा काही कळलं नाही. एवढंच कळलं की महिनाभर सगळ्या होस्टेलचे तांदूळ मी निवडायचे. पन्नास पोरींचे तांदूळ. मी तुम्हाला मनात शिव्या देत निवडले.

पुढं मला ताप आला. दुपारची वेळ, सगळ्या शाळेत, मी एकटी खाटेवर. तुम्ही तेच ॲल्युमिनियमचं ताट मांडीवर घेऊन स्टुलावर बसला आहात. मी डोळे मिटते, उघडते, तुम्ही आहात. परत मिटते. खडा ताटाच्या कडेला टाकला की टिक असा आवाज येतो, त्यावरून कळतं की आहात. मी म्हटलं, "बाई, देव हाय का हितं?" तुम्ही म्हणालात, "मला कसं ठाऊक असणार? मी आहे." मी म्हटलं, "तुमाला काय वाटतंय का?" तर म्हणता, "पाठ दुखते आहे, ती वाटते." मला हसू आलं, हसल्यानं खोकला आला, तर पाणी दिलंत. एवढंच. उजेड नाही, हात नाही. तरी बाई, आजवर कुणीतरी जवळ आहे असं मला खरोखर वाटलं असेल तर त्या दुपारी. आता म्हातारपण दिसायला लागल्यावर माझ्या ध्यानात येतंय की तुम्ही वाटण्याच्या मागं कधीच लागला नाहीत. तुम्ही बसायच्या. वाटायचं असेल त्याला वाटेल, तुम्ही आपल्या स्टुलावर.

माझ्या लग्नात सगळ्यांनी भिंतीला लावायची बायबलची वचनं दिली, काचेच्या फ्रेमा. चार तर एकच वचन. तुम्ही ते ताट दिलंत. माझ्या सासूनं दौंडला आल्या आल्या ते उलटंसुलटं करून बघितलं, "ठोकलेलं हाय की हे." अजून तेच वापरते. मालक गेले, पोरगी सासरी वसईला, महिन्यातनं एकदा फोन. मी इथं रेल्वेचे ड्रायव्हर लोक विश्रांतीला थांबतात त्या रनिंग रूममध्ये पोळ्या करते. दिवसाला चारशे. तिथं मला कुणी नावानं हाक मारत नाही, पोळीवाली म्हणतात, आन् मी पण वळून बघते. घरी आले की कुलूप मीच उघडायचं. फक्त देवळात मला मान आहे. बाई गेल्या तवा ही जवळ होती, असं नव्या माणसाला सांगतात. कुणी आजारी पडलं की मला बोलावतात. लोक माझा हात धरतात. हा हात त्यांनी का धरला ते मी विचारत नाही.

आता ती पोर. कुरकुंभच्या कंपनीत पॅकिंगला आहे. तिच्या आईचं पोट फुगलं, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. पोरगी बिनपगारी रजा काढून अठरा दिवस आईच्या उशाशी बसली. आई गेली. त्यानंतर देवळात प्रभूची भाकर वाटतात त्या प्रभुभोजनाला ती हात लावत नाही. भाकरीचं ताट आलं की मान खाली घालते आणि ताट पुढं सरकवते. मी तीन रविवार बघते आहे. आज पोळ्या उरकून तिच्याकडं गेले. रिकाम्या हातानं बसवत नाही मला, तुमची सवय, म्हणून तांदूळ आणि ताट घेऊन गेले. तिनं विचारलं, "मावशी, तांदूळ काय माझ्याकडं निवडायचे?" मी म्हटलं, "घरी उजेड कमी हाय." जरा हसली. मग एकदम म्हणाली, "मी अठरा दिवस बसले. आईचा हात सोडला न्हाई. तुमची साक्ष आठवत बसले, आता उजेड येईल, आता कुणीतरी खोलीत आल्यासारखं वाटेल. काय सुदिक वाटलं न्हाई, मावशी. शेवटी शेवटी मला झोप येत होती. चादरीवरची फुलं मोजत होते. देव तुमच्याकडं आला, मग माझ्याकडं का न्हाई? माझं काय चुकलं?"

मी एक खडा उचलून ताटाच्या कडेला टाकला. ती जवळ सरकली. "खरं सांगा ना. उजेड कसा होता? पिवळा का पांढरा?"

मी म्हटलं, "पांढरा."

लगेच सांगितलं, बाई. विचार करावा लागला नाही.

आता ऐका. तुम्हाला माहीत आहे, पण ऐका. पुण्याच्या दवाखान्यात तुमचा चौथा दिवस. तुमच्या छातीतून घरघर येत होती, आणि मला ते ऐकवत नव्हतं. तुम्ही डोळे उघडलेत आन् म्हणालात, "बस इथं." मी म्हटलं, "आले, चहा घेऊन आले." फाटकाबाहेर वडापावची गाडी होती. मी वडापाव घेतला आणि कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या एस.ट्या बघत राहिले. शिरूरची पाटी असलेली एक गेली, दुसरी गेली. आता उठू, आता उठू. मग दुसरा वडापाव घेतला. दोन तास झाले असतील. वर गेले तर गादी गुंडाळून ठेवलेली. सिस्टर म्हणाली, "कुठं होता हो तुम्ही? दोनदा विचारलं त्यांनी, आली का म्हणून. दाराकडंच बघत होत्या."

शिरूरला माती देताना जुन्या पाळकसाहेबांनी विचारलं, शेवटी जवळ कोण होतं? सगळे माझ्याकडं बघायला लागले. ज्या बाईनं अख्खं आयुष्य लोकांच्या उशाशी बसून काढलं ती एकटी मेली, हे कसं सांगायचं? मी म्हटलं, मी होते. हात माझ्या हातात होता. पडदा ओढलेला होता तरी उजेड आला. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. मलाही बरं वाटलं, हे पण लिहून ठेवते. आणि तो वडापाव गरम होता. मला आवडला होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्या पोरीला काय वाटायला पाहिजे होतं? ती होती. मी नव्हते. तुमच्या हिशेबानं सगळं तिच्याकडं आहे आणि माझ्याकडं काही नाही, आन् रविवारी ती खाली बसणार आणि मी वर उभी राहून तिला शिकवणार. खरं सांगितलं तर ती ताटातली भाकर उचलेल, असं मला वाटतं. मग माझा हात कोण धरेल, तेही दिसतंय. चारशे पोळ्या, आन् कुलूप.

हे पत्र कुठं टाकायचं? तुमच्या मातीवर नेऊन ठेवलं तर शेळ्या खातील. ताटाखाली ठेवते. शनिवारी दोनला माझ्या पोळ्या उरकतात, संध्याकाळी पाचला पाळकसाहेब रविवारचा क्रम ठरवायला येणार आहेत. मला उजेड नको, स्वप्न नको, पाठीवर हात नको. तुम्हाला पाहिजे तसं सांगा, पण सांगा. नाही सांगितलंत तर मी तोंड उघडलं की काय बाहेर पडेल ते तुम्ही त्या स्वैपाकघरातच ओळखलं होतं. दोनदा विचारलंत ना तुम्ही, आली का म्हणून. आता मी विचारते आहे. शनिवारी पाचच्या आत उत्तर पाहिजे.