सायखेड्याचा भोंगा परत मिळणेबाबत

दिनांक : ५ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. कुलसचिव,
गोदातट तंत्र विद्यापीठ,
गंगापूर रोड, नाशिक.

अर्जदार : संतोष खंडेराव डेर्ले, रा. सायखेडा (नदीकाठची वस्ती), ता. निफाड, जि. नाशिक.

विषय : संशोधन महोत्सवासाठी नेलेला पूरसूचनेचा भोंगा गुरुवारपर्यंत सायखेडा येथे परत बसवून मिळणेबाबत, तसेच संशोधक विद्यार्थिनी कु. दिशा बोराडे यांना दिलेली नोटीस मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) महोत्सवाची वर्तमानपत्रातील बातमी. २) काल आपल्या कार्यालयात मी समक्ष केलेली विनंती.

महोदय,

मी नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरीस आहे. माझे वडील खंडेराव व आई कुसाबाई सायखेड्यास मळईत, म्हणजे नदीपात्रालगतच्या गाळाच्या जमिनीत, भाजीपाला करतात. मळई व गाव यांच्यामध्ये एक ओहोळ आहे. गोदावरी फुगली की तिचे पाणी आधी या ओहोळात उलटे शिरते. मळईत काम करणाऱ्या माणसाला समोर नदी थोडी गढूळ एवढीच दिसते आणि पाठीमागे त्याची परतीची वाट बुडालेली असते. पाऊस वर त्र्यंबक-इगतपुरीकडे पडतो, आमच्याकडे ऊनही असू शकते. त्यामुळे आभाळ बघून काही कळत नाही. धरणातून पाणी सोडल्याचे मोबाइलवर येते, परंतु त्या आकड्यांवरून ओहोळ कधी भरेल हे आमच्यापैकी कोणी सांगू शकत नाही.

गेल्या वर्षी आपल्या विद्यापीठाच्या कु. दिशा बोराडे या संशोधनासाठी गावात आल्या. त्यांनी गावाच्या वरच्या अंगाला पाणी मोजणारे यंत्र बसवले आणि आमच्या वस्तीत समाजमंदिराच्या गच्चीवर भोंगा लावला. वर पाणी चढले की खाली भोंगा वाजतो, अशी ती व्यवस्था. सुरुवातीस लोकांनी चेष्टा केली, हे मी नाकारत नाही. पण मागच्या पावसाळ्यात तो जितक्या वेळा वाजला तितक्या वेळा पाणी आले, आणि एकदाही तो उगाच वाजला नाही. त्यानंतर लोकांनी नदीकडे बघायचेच सोडले. भोंगा वाजला की मळईतून वर यायचे, नाही वाजला तर काम करत राहायचे. माझे वडील आयुष्यभर पाण्याचा रंग बघून घरी परतणारे. तेही भोंग्यावर विसंबले. माझी तक्रार समजून घेण्यासाठी एवढी गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी.

गेल्या आठवड्यात आपल्या विद्यापीठात संशोधन महोत्सव झाला. त्यात मांडण्यासाठी विद्यापीठाची गाडी येऊन भोंगा काढून घेऊन गेली. दिशाताईंनी पावसाळ्यात भोंगा हलवू नये असे विभागात सांगितले होते. 'दोन दिवसांचा प्रश्न आहे' असे त्यांना उत्तर मिळाले. गावात कोणाला कळवण्यात आले नाही. वस्तीतल्या एक-दोघांनी गाडी पाहिली, त्यांना वाटले दुरुस्तीसाठी नेत असतील, लगेच आणून लावतील. नदीतले मोजणी यंत्र मात्र जागेवरच राहिले. ते सिमकार्डावर चालते, त्यामुळे भोंगा कुठेही ठेवला तरी इथले पाणी वाढले की तो तिथे वाजतो, हे आम्हाला नंतर समजले.

महोत्सवाच्या दिवशी दुपारी आई-वडील कोथिंबीर काढण्यास मळईत गेले. आई म्हणाली, "पाणी गढूळ झालंय, आज राहू द्या." वडील म्हणाले, "भोंगा कुठं वाजलाय? वाजला का निघू."

भोंगा त्याच वेळी वाजत होता. तो आपल्या सभागृहात वाजत होता.

तिथे काय झाले ते मी दिशाताईंकडून व नंतर आपल्याच दोन विद्यार्थ्यांकडून ऐकले आहे. व्यासपीठावर पाहुण्यांचे भाषण चालू असताना भोंगा सुरू झाला. लोकांना वाटले हा कार्यक्रमाचाच भाग आहे. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. सूत्रसंचालकांनी माइकवरून हे आपल्या संशोधनाचे प्रात्यक्षिक असल्याचे सांगितले. दिशाताई मागून पुढे येऊन मोठ्याने म्हणाल्या, "हे प्रात्यक्षिक नाही. सायखेड्याला पाणी चढतंय." त्यांना खाली बसण्यास सांगण्यात आले. भाषणात व्यत्यय येतो म्हणून कोणीतरी भोंग्याची वायर काढली. त्यानंतर पाहुण्यांचे भाषण पूर्ण झाले.

दिशाताई बाहेर पडल्या. त्यांनी आपत्ती कक्षाला कळवले, तेथून पथकही निघाले, पण पथकाला यायला वेळ लागणार होता. गावातला म्हणून त्यांच्याजवळ माझाच नंबर होता, आणि कामावर असताना आमचे मोबाइल गेटवर जमा असतात. कंपनीचा फोन कोणी उचलेना. तेव्हा त्या स्कूटीवर गंगापूर रोडवरून थेट अंबडला आल्या. मला गेटवर बोलावले गेले. "दादा, भोंगा गावात नाहीये. पाणी येतंय. घरी फोन लावा," एवढेच त्या म्हणाल्या.

आईचा फोन लागला नाही. शेजारच्या दत्तूला लावला. तो म्हणाला, "भोंगा तर वाजला नाय." मी म्हणालो, "भोंगा इथं नाशकात आहे. तू मळईकडं पळ." फोन चालू ठेवूनच तो पळाला. त्याचा श्वास ऐकू येत होता, मग पाण्याचा आवाज येऊ लागला, मग तो कोणाला तरी दोर आणायला सांगू लागला आणि फोन बंद झाला. महोदय, आपण कधी असा फोन हातात धरून उभे राहिला आहात की नाही मला माहीत नाही.

ओहोळ भरला होता. दत्तू आणि वस्तीतल्या पोरांनी ट्रॅक्टरच्या ट्यूबला दोर बांधून आधी आईला अलीकडे आणले. ट्यूबवर एकच माणूस बसत होता आणि वडिलांनी आईला पुढे घातले. ट्यूब परत नेईपर्यंत मळईवर पाणी आले. वडील बाभळीला धरून राहिले. छातीपर्यंत पाणी, अंगात काटे, वय सत्तरीच्या पुढे. पोरांनी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा धार त्यांना खाली घेऊन गेली. मी आणि दिशाताई सायखेड्याच्या पुलावर पोहोचलो तेव्हा मला लांबून फक्त त्यांची टोपी दिसत होती. पुढे पथकाची बोट आली आणि त्यांना काढले. नाकातोंडात गढूळ पाणी गेल्याने त्यांना न्यूमोनिया झाला असून ते अद्याप नाशिकला दवाखान्यात आहेत. शुद्धीवर आल्यावर ते मला म्हणाले, "वाजला नाय रे. मी कान देऊन होतो." त्यांना वाटते आहे की त्यांच्या ऐकण्यातच काही चूक झाली. भोंगा कुठे होता हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आपल्या पूरसूचना प्रणालीचे 'यशस्वी प्रात्यक्षिक' झाल्याची बातमी आली. त्याच आठवड्यात दिशाताईंना नोटीस मिळाली. मान्यवरांसमोर गोंधळ घातला व परवानगीशिवाय बाहेर पुराची आवई उठवली, असे त्यांच्यावर आरोप असून खुलासा मान्य होईपर्यंत त्यांचे संशोधन थांबवले आहे. ही आवई होती की नव्हती, हे आपण दवाखान्यात येऊन माझ्या वडिलांना विचारू शकता. त्या नोटिशीविरुद्ध लिहा असे दिशाताईंनी मला सांगितलेले नाही. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं राहू द्या दादा, आधी भोंगा मागा."

त्याप्रमाणे काल मी आपल्या कार्यालयात येऊन भोंगा मागितला. तेथील कर्मचाऱ्यांनी मला सौजन्याने बसवले, पाणी दिले आणि सांगितले की भोंग्याची राज्यस्तरीय प्रदर्शनासाठी निवड झाली आहे, त्यामुळे तो आता पावसाळा संपल्यावरच मिळू शकेल. पावसाळा संपल्यावर आम्ही त्याचे काय करावे, असे मी विचारले. त्यांनी लेखी अर्ज करण्यास सांगितले. हा तो अर्ज होय.

तरी माझी विनंती अशी की, धरण भरत आले असून शुक्रवारपासून घाटमाथ्यावर पुन्हा जोराचा पाऊस सांगितला आहे, त्यामुळे भोंगा गुरुवारपर्यंत जागेवर बसवावा, आणि ज्यांच्यामुळे माझे आई-वडील जिवंत आहेत त्या दिशाताईंची नोटीस रद्द करून त्यांचे काम त्यांना करू द्यावे. विद्यापीठाचे संशोधन वाया जावे असे आम्हाला मुळीच वाटत नाही. ते खरे ठरले आहे, हे आमच्या वस्तीइतके कोणालाच माहीत नाही.

गुरुवारी सकाळी वस्तीतील आम्ही काही जण टेम्पो घेऊन आपल्या प्रवेशद्वारापाशी येत आहोत, तसे सुरक्षारक्षकांना कळवून ठेवावे. भोंगा देता येत नसेल, तर सायखेड्याच्या लोकांसाठी एका कागदावर एवढेच लिहून द्यावे, की गच्चीवर भोंगा नाही, त्याच्या भरवशावर कोणी मळईत जाऊ नये. तो कागद मी समाजमंदिराच्या भिंतीवर चिकटवीन आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरोघर जाऊन वाचून दाखवीन. मात्र त्याखाली सही आपली असावी.

गुरुवारी आपल्या दारात हजर राहणारा,

(सही)
संतोष खंडेराव डेर्ले
सायखेडा

सोबत :
१) खंडेराव डेर्ले यांच्याबाबत दवाखान्याचे प्रमाणपत्र
२) वर्तमानपत्रातील बातमीचे कात्रण
३) समाजमंदिराच्या गच्चीवरील रिकाम्या खांबाचे छायाचित्र
४) वस्तीतील रहिवाशांच्या सह्या व अंगठे

प्रत माहितीसाठी : मा. तहसीलदार, निफाड.