आबांचा हळू आवाज

लिंबायत, सुरत
१९९६

प्रिय अक्का,

तरुण पोरांच्या मनावरचं तू धुळ्याहून पाठवलेलं पुस्तक आबांनी वाचलं. मुलाशी एकांतात, हळू आवाजात बोला, असं त्यात आहे. कापडाच्या लूमवर कान गेलेल्या माणसाचा हळू आवाज! "तुन्हा मनमां काय शे, भाऊ?" त्यांनी विचारलं, तर अख्खी गल्ली दारात. शेजारची धुरपदाबाई म्हणाली, "एखादी पोर व्हई, दुसरं काय!" मी भडकून ताट भिरकावलं.

दुसऱ्या दिवशी आबांनी मला कारखान्यात नेलं. लूमच्या खडखडाटात कुणाला काही ऐकू येत नाही. कारागीर ओठ बघूनच समजून घेतात. "आते बोल," आबा म्हणाले.

मी बोललो. हर्षदाचं लग्न ठरलं, तिच्याशिवाय वर्गात बसवेना म्हणून कॉलेज सोडलं. शेवटी तुलाही न सांगितलेलं बोललो, की जगावंसंच वाटत नाही.

आबांनी चालता लूम बंद केला. विणलेल्या मीटरवर मजुरी मिळवणारा माणूस, अक्का! शेठनं लांबूनच हातानं विचारलं, काय झालं?

"पोऱ्यासंगे बोली ऱ्हायनू!" आबा ओरडले आणि मला छातीशी धरलं.

हे वाचून तू रडत इकडे धावशील, म्हणून पत्र टाकत नाही. उद्या खाडा करून आबा मला डॉक्टरकडे नेणार आहेत. मी नाही म्हणालो नाही.

तुझा तापट भाऊ,
चेतन