सूचीत नसलेला आकडा

६ ऑक्टोबर, मळवली
आले एकदाची! बंगला छोटासा, पण व्हरांड्यातून पिकत आलेली भातखाचरं दिसतात आणि इंद्रायणी तांदळाचा वास घरभर दरवळतो. बंगला सांभाळणाऱ्या शालूबाईंनी आल्या आल्या पिठलं-भाकरी वाढली. विहिरीचं पाणी थंडगार, गोडसर. काम मनासारखं मिळालंय: जगभरातल्या अधिवासांचा नकाशा उतरवून घ्यायचा, कोड लिहून त्यातला मावळचा तुकडा कापायचा आणि तो इथल्या जमिनीवर फिरून पडताळायचा. पुण्यातल्या ऑफिसात बसून हे सुख कुठलं!

८ ऑक्टोबर
फाइल अवाढव्य, सकाळभर उतरत होती. कोड चालवला आणि अख्खा मावळ पडद्यावर उमटला. नकाशातल्या प्रत्येक चौकोनाला एक आकडा असतो. जंगलाचा वेगळा, गवताळ रानाचा वेगळा, शेतीचा वेगळा. कुठला आकडा कशाचा, याची सूची सोबत येते. आंदर मावळचे डोंगर हिरवेगार आले. बंगल्यामागच्या एका चौकोनाचा आकडा मात्र सूचीत नाहीच. फाइल बिघडली असेल म्हणून पुन्हा उतरवली. तेच. ऑफिसातल्या श्रीयशला फोन केला तर म्हणाला, जाऊन बघून ये, काही नवीन सापडलं तर त्याला तुझंच नाव देऊ, आसावरी.

९ ऑक्टोबर
गेले. शालूबाई अनवाणी पुढे. तिकडं गुरं चरत नाहीत, एवढंच त्या म्हणाल्या आणि सरळ आत उतरल्या. लांबून चिखल वाटतो, पण चिखल नव्हे. राखाडी-गुलाबी, ओलं, हिरड्यांसारखं मऊ. काठी खुपसली तर पांढरा, दाट द्रव वर आला. नासलेल्या दुधाचा वास. भोक हळूहळू आपोआप मिटलं. वर काळं तण होतं, ते उपटलं. तण नव्हतं, केस होते. बोटांना चिकटले. पुन्हा पुन्हा साबण लावला तरी वास जात नाही. जेवण गेलं नाही.

११ ऑक्टोबर
नकाशा पुन्हा उतरवला. आता तो आकडा विहिरीच्या चौकोनातही आहे. श्रीयश म्हणतो, असा नकाशा दोन दिवसांत बदलूच शकत नाही. विहिरीवर गेले. पाण्यावर साय धरली होती. बादलीने ढवळायला गेले तर ती आकसली. हेच पाणी मी आल्यापासून पितेय. तिथेच ओकले. ओकारीत केस.

१२ ऑक्टोबर
शालूबाईंच्या टाचांच्या भेगा राखाडी, लिबलिबीत मांसाने भरल्यात. दाबलं की पांढरं येतं. मी तोंड फिरवलं, मग माझीच मला लाज वाटली.
"दुखत न्हाई ताई," त्या म्हणाल्या. "पाय माजा हाय असं वाटतच न्हाई."
त्यांचा मुलगा ओंकार वराळ्याहून आला. आईला उचलून लोणावळ्याच्या दवाखान्यात घेऊन गेला.

१३ ऑक्टोबर
आज तो आकडा लोणावळ्यात आहे. दवाखान्याच्या चौकोनात. म्हणजे तो जमिनीचा नाहीच — आम्ही जाऊ तिथे —
ओंकार फोनवर सांगत होता, त्याच्या तळहातांना काहीतरी —
उद्या शनिवार. आईकडे, माझ्या लेकीकडे, कोमलकडे जायचं होतं. नाही जाणार. कामाचं खोटं सांगितलं. फोनवर कोमल रडली. फाटकाला आतून कुलूप घातलं.

१५ ऑक्टोबर
जीभ जाड झालीय. हिरड्यांवर केस. कात्रीने कापले, दुपारपर्यंत पुन्हा तेवढेच. दवाखान्यात फोन कुणीच उचलत नाही. आईचा मी उचलत नाही — शब्द फुटत नाहीत, नुसतं दाट, पांढरं — शी. माझंच तोंड, आणि मलाच किळस.

१६ ऑक्टोबर
फाटकाशी हाका. आई. कोमल. फोन लागेना म्हणून आल्या असणार —
ओरडायला गेले. नुसतं ओघळलं.
कुलपावर माझ्या हातांची ओल आहे. कोमल गजांतून हात घालतेय. हे पान खिडकीच्या काचेला लावते, मोठ्या अक्षरात —

आई, तिला मागे ओढ. आत येऊ नका. कोमल, बाळा, कुलपाला हात लावू न